वेठ, पैरा आणि पाळी : वारणाकाठच्या सामुदायिक श्रमाचा मागोवा

गेल्या आषाढात आपल्या मंडळाच्या वतीने वारणानगरच्या परिसरात वृक्षारोपण व सफाईचे श्रमदान झाले. त्याची छायाचित्रे या स्मरणिकेत अन्यत्र आलीच आहेत. त्या छायाचित्रांत आम्हीही आहोत. हाती कुदळ आहे, डोक्यास पंचा गुंडाळलेला आहे, आणि चेहऱ्यावरचा भाव, खरे सांगावयाचे तर, श्रमाचा कमी व समाधानाचा अधिक आहे. छायाचित्रात जे आले नाही ते असे : ज्या आवारात आपण रोपे लावली त्याच आवाराच्या मागील अंगास एक गटार तुंबले होते, त्याचे पाणी वाटेवर येत होते, आणि ते उपसण्यासाठी आदल्या दिवशी एक मनुष्य रोजाने लावण्यात आला होता. त्यास रोज किती दिला याची नोंद मंडळाच्या हिशेबाच्या वहीत आहे. नाव मात्र नाही. नुसते 'गटार-सफाई' एवढेच आहे.

संपादक मंडळाने या भागातील सामुदायिक श्रमाचा इतिहास लिहून द्यावा अशी आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात ती वहीतील ओळ घोळत होती. रोप लावावयास आपण सारे जमलो आणि गटार उपसावयास रोजाचा मनुष्य लागला, हे काही एका दिवसात घडलेले नाही. त्यास फार जुना इतिहास आहे. त्या इतिहासात आपल्या समाजाचे वाडवडील कोणत्या बाजूस उभे होते हेही पाहावे लागते. वार्षिकाच्या पानांवर आपण सहसा पूर्वजांच्या सनदा, देणग्या व पराक्रम वाचतो. यंदा त्यांच्याच अंगणातील केरसुणीविषयी थोडे वाचावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

वारणा नदी सह्याद्रीत प्रचितगडाच्या परिसरात उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. तिच्या उजव्या हातास शाहूवाडी, पन्हाळा, हातकणंगले हे तालुके, डाव्या हातास शिराळा, वाळवा, मिरज. इंग्रजी अमदानीत उजवा काठ बहुतांशी करवीर संस्थानात आणि डाव्या काठाचा मोठा भाग इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात मोडत असे. दोन काठांवर दोन राज्ये होती खरी. पण गावगाडा एकच होता, आणि गावगाड्यातील साऱ्यांच्या उपयोगाची कामे कोणी करावयाची याचा नियमही एकच होता. चावडी झाडणे, मेलेले ढोर ओढून नेणे, सरकारी टपाल व खजिना पोचविणे, हद्दीच्या खुणा राखणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदारासाठी लाकूडफाटा, गवत व पाणी आणणे, त्यांचे ओझे पुढील गावापर्यंत वाहणे, ही कामे गावाची म्हणून ओळखली जात. ती करणारी घरे मात्र ठरलेली असत. महार वतनदारास त्याबद्दल थोडीशी इनाम जमीन व खळ्यावरचे बलुते असे. त्या बदल्यात दिवसा किंवा रात्री केव्हाही हाक आली की निघावे लागे, आणि 'नाही' म्हणण्याची सोय नसे. यासच वेठ म्हणत. वेठ आणि वरळा हे शब्द जोडीने येतात. आजही मनाविरुद्ध केलेल्या कामास आपण 'वेठ मारणे' म्हणतो आणि मनुष्य अडकला की तो 'वेठीस धरला गेला' असे सहज बोलून जातो. ज्यांच्या वाट्यास ती वेठ प्रत्यक्षात आली त्यांना हे शब्द इतके हलके वाटत नसावेत.

हाक कोण मारीत असे? पाटील. आपल्या समाजात पाटीलकीची घराणी पुष्कळ होती आणि त्यांचे वंशज जुनी कागदपत्रे आजही जपून ठेवतात. तो अभिमान स्वाभाविक आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाचा मान, होळीस पहिली पोळी, लग्नात विड्याचा मान, हे सारे आपण एकमेकांस सांगतो. परंतु वेठ घेण्याचा व्यवहारही त्याच मानात मिसळलेला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. गाव स्वच्छ राही, चावडीसमोर सडा पडे, वाटा मोकळ्या असत. जुन्या माणसांच्या आठवणींतील त्या नीटनेटक्या गावामागे हा व्यवहार होता.

याच्या शेजारीच दुसरा एक व्यवहार चाले, आणि तो मात्र आपण मनापासून सांगावा असा आहे. तो म्हणजे पैरा. आपल्या भागातील शेतकऱ्यास हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. पण आपल्यापैकी जे पुण्या-मुंबईस स्थायिक झाले त्यांच्या मुलांसाठी सांगतो. आज मी तुझ्या रानात भांगलणीस येतो, उद्या तू माझ्या रानात ये. यात पैसा फिरत नाही, पण हिशेब असतो, आणि तो दोघांच्याही डोक्यात पक्का असतो. एक बैल माझा, एक तुझा, मिळून एक औत. यासच कोठे सावड म्हणतात. इर्जिक त्याहून मोठी. एखाद्याचे रान मागे पडले, घरात आजारपण आले, पाऊस तोंडावर आला, की गावातील आठ-दहा जोड्या एकाच दिवशी त्याच्या रानात उतरत आणि सूर्य मावळेपर्यंत नांगरट उरकून टाकीत. ज्याचे रान त्याने रात्री सर्वांस जेवू घालावयाचे, एवढाच मोबदला. इर्जिकीच्या दिवशी नांगरामागे गाणी होत, जोड्यांची चढाओढ होई आणि गड्यांना थकवा जाणवत नसे, असे म्हातारी माणसे सांगत. गुऱ्हाळातही हेच. साखर कारखाने होण्यापूर्वी वारणाकाठचा ऊस गुळाकडे जाई. ऊस तोडणे, मोळ्या वाहणे, चरकात घालणे, चुलवाणात जाळ घालणे, काहिलीवरची मळी काढणे, इतकी माणसे एका घरची कोठून असणार? गुळव्या तेवढा जाणकार बोलावावा लागे. बाकीचे हात पैऱ्याने येत. ज्याची पाळी त्याचा ऊस.

पैऱ्याचे कौतुक करतानाही त्यातील एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. पैरा बरोबरीच्यांत होतो. ज्याच्यापाशी फेडावयास रान नाही, बैल नाही, तो पैऱ्यात कसा येणार? भूमिहीनास पैऱ्यात जागा नव्हती. त्यास मजुरी किंवा वेठ हेच दोन मार्ग होते. आणि दुसरे असे, की इर्जिक नेहमी कोणाच्या तरी रानात होई. गावाच्या गटारावर, पाणवठ्यावरच्या चिखलावर, पडक्या वाटेवर इर्जिक घातल्याचे आम्ही कोणा वृद्धाच्या तोंडून ऐकले नाही. सर्वांच्या मालकीचे जे, त्यासाठी वेठ. आपापल्या मालकीचे जे, त्यासाठी पैरा, अशी ती वाटणी होती. अपवाद म्हणावा तर देवराईचा. शाहूवाडी, राधानगरी, आजरा या बाजूस देवाच्या नावाने राखलेली राने आहेत. ती सर्वांची होती आणि तरी टिकली, पण तेथे राखणे म्हणजे हात न लावणे. कोयता नेला तर देव कोपेल ही भीतीच तेथे राखणदार होती. गटाराला मात्र कोणताही देव राखणदार मिळाला नाही!

वेठीवर पहिला मोठा घाव या भागात घातला तो राजर्षी शाहू छत्रपतींनी. १९१८ साली त्यांनी करवीर संस्थानातील महार वतने खालसा करून त्या जमिनी त्यांच्या नावे रयतावा करून दिल्या आणि १९२० साली वेठबिगार बंद केली. त्याच वर्षी मार्च महिन्यात माणगाव येथे, म्हणजे आपल्या हातकणंगले तालुक्यातच, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते आणि स्वतः महाराज तेथे आले होते. पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी बिल मांडले. वतनाची जमीन म्हणजे उपकार नसून गळ्यातील दोरी आहे, हा त्यामागचा विचार होता. वतनाने मिळणाऱ्या तुटपुंज्या प्राप्तीसाठी सारे गाव त्या मनुष्यास आपला नोकर समजे. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर दहा वर्षे उलटल्यावर झाला आणि १९५९ साली अंमलात आला.

वेठ गेली हे योग्यच झाले. त्याबद्दल आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही. पण ती गेल्यावर एक प्रश्न उघडा पडला, आणि त्याचे उत्तर गावोगाव आजही शोधले जात आहे : आता चावडी कोणी झाडावयाची? ज्यांच्यावर ती लादली होती त्यांनी केरसुणी खाली ठेवली. पण ती उचलावयास दुसरे कोणी पुढे आले नाही. पुष्कळ गावे वेठ संपल्यावर घाण झाली. काही जणांनी त्याचा दोष वेठ सोडणाऱ्यांस दिला. दोष वस्तुतः केरसुणी न उचलणाऱ्यांचा होता.

ती उचलून दाखविणारी माणसे महाराष्ट्रात झाली, आणि ती निरनिराळ्या जातींतून आली हे लक्षात घेण्यासारखे आहे. सेनापती बापट पारनेरास रस्ते झाडीत. परीट घराण्यात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की कोणाशी न बोलता खराट्याने गाव झाडावयास लागत; दिवसभर बाहेरची घाण काढून रात्री कीर्तनातून मनातील काढीत. आपली जात त्यांनी कधी सांगितली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या स्वाधीन केली. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांची (१८९४–१९७१) हकीकत तर विलक्षण आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मिळावे म्हणून अर्ज केला. सवर्ण कैद्यास ते काम देता येत नाही असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी अन्नत्याग केला, आणि येरवड्यास असलेल्या महात्माजींनीही त्यांच्या पाठीशी उपवास आरंभिला. शेकडो वर्षे ज्या कामातून सुटका मिळावी म्हणून माणसे तळमळली, तेच काम करण्याचा हक्क मिळावा म्हणून एका ब्राह्मणाने उपाशी राहावे, यात कोणास गंमत वाटेल. परंतु तुरुंगाच्या नियमावलीतही केरसुणीला जात होती, हे त्या उपवासाने उघड झाले.

ही सारी मोठी माणसे. त्यांचे आचरण पाहून आपण नमस्कार करतो आणि घरी जातो. नित्याच्या व्यवहारात उतरेल अशी रीत ज्याने घालून दिली तो पुरुष आपल्याच वारणेच्या खोऱ्यातील होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे आजोळी झाला. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. दोन्ही गावे वारणेच्या खोऱ्यातली, एक या बाजूचे, एक त्या बाजूचे. कोल्हापुरास शिकत असताना, १९०८ साली, अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर स्नान करून शुद्ध व्हावयास त्यांनी नकार दिला, आणि त्यामुळे राहते वसतिगृह त्यांना सोडावे लागले. ही कथा आपण सर्वांनी वाचलेली आहे. तो संस्कार घेऊन त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वारणाकाठच्या दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम काढला, आणि पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास गेली. तेथील धनिणीच्या बागेतील त्यांच्या वसतिगृहास १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

त्या वसतिगृहात नोकर नव्हते. मराठा, महार, मांग, जैन, लिंगायत, मुसलमान, धनगर, ज्या ज्या जातीची मुले आली ती एकाच स्वयंपाकघरात जेवली, आणि ते स्वयंपाकघर त्यांनीच चालविले. दळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे, भांडी घासणे, आवार झाडणे, बागेस पाणी घालणे, ही कामे मुलांत पाळीने फिरत. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' या नावाने तीच रीत विस्तारली. मुले शेतात, बागेत, बांधकामावर राबत आणि शिकत. येथे आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो 'पाळी' हा शब्द. भाऊरावांनी मुलांना त्यागाची व्याख्याने देऊन केरसुणी धरावयास लावली नाही. आज तुझी पाळी, उद्या याची. पाटलाच्या मुलाने संडास झाडला म्हणून त्याचा सत्कार झाला नाही, आणि महाराच्या मुलाने भाकरी थापली म्हणून कोणी ताट लोटले नाही. पाळी आली, काम झाले, पाळी पुढे गेली. वेठीत नकार नव्हता आणि पैऱ्यात भूमिहीन नव्हता. या पाळीत मात्र वसतिगृहातील प्रत्येक मुलगा होता.

आपल्या भागाला ही रीत अवघड का वाटावी, हे आम्हांस कधी कळले नाही. वारणाकाठचा शेतकरी पाळीवर जगतो. पाण्याची पाळी, ऊसतोडीची पाळी, पूर्वी गुऱ्हाळाची पाळी. मध्यरात्री दोन वाजता पाण्याची पाळी आली तरी तो कंदील घेऊन निघतो आणि शेजाऱ्याने पाच मिनिटे अधिक पाणी घेतले तर भांडतो. पाळी म्हणजे काय हे त्यास शिकवावयास नको!

स्वातंत्र्यानंतर 'श्रमदान' हा शब्द घरोघर पोचला. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. १९५१ च्या एप्रिलात विनोबांना पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाले, आणि जमीन नसणाऱ्याने श्रमाचे दान द्यावे ही कल्पना त्या वातावरणात रुजली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना आरंभली. गावाने श्रम द्यावे, सरकारने साहित्य द्यावे, आणि त्यातून रस्ता, विहीर, शाळा उभी राहावी असा तिचा आराखडा होता. १९५५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली आणि ग्रामसफाईस भजनाची साथ मिळाली. त्या काळात श्रमदानाने झालेले रस्ते आणि शाळांच्या खोल्या आपल्या तालुक्यांत पुष्कळ आहेत. आपल्यातील वृद्धांनी शाळकरी वयात डोक्यावरून मुरमाच्या पाट्या वाहिल्या आहेत, आणि त्या सांगताना त्यांचा आवाज आजही बदलतो. त्या उत्साहास आम्ही कमी लेखत नाही. परंतु रस्ता 'करणे' हे श्रमदान झाले. रस्ता 'राखणे' हे कोणाचे, ते ठरले नाही. पहिल्या पावसाळ्यात खडी उखडली की अर्ज लिहावयाचा, एवढेच उरले.

वारणानगर उभे राहिले ते याच वर्षांत. कोडोलीजवळच्या माळावर तात्यासाहेब कोरे (१९१४–१९९४) यांनी सहकारी साखर कारखान्याचा संकल्प केला. १९५५ साली कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५९ साली गाळप सुरू झाले. वाचकांच्या ध्यानात आले असेल, की कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा अंमलात आला तेही वर्ष हेच. हा योगायोगच, पण आम्हांस तो अर्थपूर्ण वाटतो. ज्या वर्षी जुन्या गावगाड्याची शेवटची सक्ती कायद्याने तुटली, त्याच वर्षी वारणाकाठी गाव चालविण्याची एक नवी रीत सुरू झाली. तिच्यात भागधारक होते, सभासद होते, पगारी कामगार होते. वतनदार कोणी नव्हता. मागोमाग १९६४ साली महाविद्यालय, १९६८ साली दूध संघ, पुढे वारणा बझार, रुग्णालय, स्त्रियांची संस्था, मुलांचा वाद्यवृंद, अशी एकेक शाखा फुटत गेली. जेथे कुसळे उगवत तेथे सावली आली.

सहकाराने वेठीच्या जागी मजुरी आणली. हे त्याचे मोठे ऋण आहे, आणि श्रमदानाच्या गोडव्यात ते विसरता कामा नये. संस्थेच्या बागेतील माळी पगार घेतो, हजेरीपटावर त्याचे नाव असते, त्यास रजा असते. फुकट राबविण्यापेक्षा हे शतपट चांगले. परंतु याच भरभराटीच्या कडेला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांची खोपटी पडतात. ती माणसे मराठवाड्यातून, बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून, उचल घेऊन येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत येथेच असतात. साऱ्या साखरपट्ट्याचे हेच चित्र आहे. त्या खोपटांच्या अवतीभवतीच्या चिखलात कधी कोणत्या ज्ञातिमंडळाचे श्रमदान झाल्याचे आम्ही पाहिले नाही. आपल्याही नाही.

१९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना निघाली. आरंभी देशातील ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. आज शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांतून ती सर्वत्र रुळली आहे. स्वयंसेवकाने वर्षास १२० तास काम करावयाचे, दोन वर्षांत २४० तास, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर. आम्हांस तिच्यातील तासांचा हिशेब आवडतो. 'जमेल तेव्हा, जमेल तितके' या शब्दांत पुष्कळ सत्कार्ये बुडाली आहेत. तासांचा हिशेब हा पाळीचाच धाकटा भाऊ आहे. त्यानंतरचा मोठा प्रयत्न म्हणजे २०००–०१ साली, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. शिक्षक, सरपंच, तलाठी हातात खराटे घेऊन उतरले, भिंती रंगल्या, दारोदार शोषखड्डे झाले. तपासणी समिती येऊन गेल्यावर पुष्कळ गावांतील खराटे पुन्हा कोपऱ्यात गेले, हेही खरे. तथापि एकदा का होईना, ज्याने कधी केरसुणी धरली नव्हती त्याने ती भर चौकात धरली. वेठीच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे.

वृक्षारोपणाचेही तसेच. राज्य शासनाने २०१६ साली एका दिवसात २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचे संकल्प सोडले. आकडे दरवर्षी चढत गेले. परंतु माळावर झाड कसे जगते हे ज्याने पाहिले आहे त्यास ठाऊक आहे, की लावणे हा त्यातील सर्वांत सोपा दिवस. खरे काम वैशाखात सुरू होते. तेव्हाच खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावे लागतात, गाळमाती व शेणखत भरून ठेवावे लागते. आषाढात रोप लागले की श्रावण-भाद्रपदात ते गवतात हरवते, म्हणून भांगलण. दसरा झाला की शेळ्या मोकळ्या सुटतात, म्हणून बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण. मग आळे, पालापाचोळ्याचे आच्छादन, आणि माघापासून पाणी. मुरमाड जागेत बुडाशी भोक पाडून वात घातलेले मडके रोपाजवळ पुरले तर थोड्या पाण्यात भागते. पण ते मडके भरावयास आठवड्याला कोणी तरी जावेच लागते. करंज, कडुनिंब, चिंच ही चिवट झाडे. तरी पहिले दोन उन्हाळे त्यांनाही माणूस लागतो. त्या दोन उन्हाळ्यांची छायाचित्रे कोणत्याही स्मरणिकेत नसतात.

लोकांस सार्वजनिक कामाची हौस नाही असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा, कृष्णा, वारणा या नद्यांनी काठ सोडले. पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळ, कुजलेले धान्य, मेलेली जनावरे आणि न सोसणारी दुर्गंधी राहिली. त्या वेळी राज्यभरातून तरुणांच्या तुकड्या फावडी घेऊन आल्या, कोणाचे घर, कोणाची वस्ती हे न विचारता गाळ उपसला आणि न सांगता परत गेल्या. गटारात हात घालावयास त्या आठवड्यात जात आडवी आली नाही. महापुरात जे हात पुढे येतात ते एरवीच्या तुंबलेल्या गटारापाशी का थांबतात? आम्हांस वाटते, महापूर सर्वांच्या नावाचा असतो; रोजचे गटार अद्याप कोणाच्या तरी एकाच्याच नावावर चढलेले आहे. १९९३ व २०१३ साली मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे झाले. मनातील ती नोंद कायद्याने खोडता आलेली नाही.

असो. हा मजकूर लिहून होत असता आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीत त्या हिशेबाच्या ओळीचा विषय काढला. चर्चा गोड झाली नाही. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, त्या मनुष्याचा रोज आम्ही बुडवावयाचा की काय? प्रश्न रास्त होता. त्यास बोलावून आम्ही विचारले. त्याचे नाव आता वहीत आहे. त्याच्या सांगण्यावरून असे ठरले, की गटाराचे मुख्य बांधकाम व खोल उपसा हे जाणकाराचे काम, त्याचा पुरा रोज द्यावा, योग्य साधने द्यावीत, आणि गटारात उतरण्याची वेळच येऊ नये असे बांधून घ्यावे. वरचा केर, पाने, प्लास्टिक, माती हे दर आठवड्यास काढले तर गटार तुंबतच नाही. तेवढे आपण करू शकतो. रोपांचे पाणी आणि हा केर, दोन्ही एकाच पाळीत घालण्यात आले आहेत, म्हणजे केवळ रोपांची पाळी मागण्याची सोय राहू नये. दर रविवारी सकाळी सात ते नऊ, चार घरे. पाळी चुकली तर दंड नाही; पुढील रविवारी दुप्पट.

पाळीचा तक्ता कार्यालयाच्या दाराशी लावला आहे. माघ ते ज्येष्ठ एवढे महिने त्यात आखलेले आहेत. पहिल्या रविवारी आमचे घर आहे. वैशाखाचे दोन रविवार, लग्नसराईमुळे असेल, अद्याप मोकळे आहेत.